गोधडीचे एक वर्ष आणि अपुऱ्या कामांचा हिशेब

(वर्षावास समाप्तीच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



गेल्या आश्विन पौर्णिमेपासून या आश्विन पौर्णिमेपर्यंत दर रविवारी दुपारी याच सभागृहात सतरंज्या अंथरून आपल्या वस्तीतील भगिनींनी, काही निवृत्त बांधवांनी आणि सुटीच्या दिवसांत विद्यार्थ्यांनीही गोधड्या शिवल्या. त्या कामाची वही आमच्याकडे होती. बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाच्या हाती लोक आधी पेन देतात, मग सुई. आमच्याही हाती सुई यथावकाश आली. या वर्षभरात गोधडीविषयी जे कळले त्याहून अधिक अपुऱ्या राहिलेल्या कामांविषयी कळले, आणि तेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

गोधडी म्हणजे काय, हे या सभागृहात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. कोणी तिला वाकळ म्हणतात. कर्नाटकात ती कौदी होते, बिहारमध्ये सुजनी, बंगालमध्ये कांथा. जुनी लुगडी, धोतरे, सदरे यांचे थर एकावर एक घालायचे, वर आणि खाली त्यातल्या त्यात धड कापड घ्यायचे, कच्च्या टाक्यांनी सारे जागच्या जागी धरायचे आणि मग काठापासून धावदोरा घालीत आत आत मध्यापर्यंत यायचे. शहरात आल्यावर पुष्कळ घरांत पाहुणे आले की गोधडी आत जात असे आणि सोलापुरी चादर बाहेर येत असे. आता तीच वस्तू मोठ्या दुकानांत काचेमागे टांगलेली दिसते आणि तिची किंमत वाचून आपल्या आया-आज्या काय म्हणाल्या असत्या असा विचार मनात येतो.

या कामात श्रम किती, याचा हिशेब आम्ही एका रविवारी मांडला. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद अशी मध्यम गोधडी धरा. अर्ध्या इंचावर एक ओळ घातली तर ९६ ओळी होतात. एक ओळ ६ फुटांची, म्हणजे एकंदर ५७६ फूट धावदोरा. इंचाला ३ टाके पडले तर एकूण टाके २०,७३६. जाड थरांतून सुई काढताना सरावलेला हात तासाला बारा फूट जातो असे धरले, तरी ४८ तास लागतात. रोज अर्धा तास बसले तर रोज एक ओळ आणि ९६ दिवस. हा आकडा ऐकून एक विद्यार्थिनी म्हणाली, "म्हणजे जवळजवळ एक वर्षावास." तिचे म्हणणे आम्ही वहीत लिहून ठेवले आहे. पावसाळ्यात ज्याने रोज एक ओळ घातली त्याच्याकडे थंडीच्या आधी गोधडी तयार होते. ज्याने एका दिवसात वीस ओळी घालून बोटे सुजवून घेतली, त्याची गोधडी बहुधा पेटीत जाते.

आणि अशा पेटीत गेलेल्या गोधड्यांनीच आमच्या वर्षाला वळण दिले. मूळ बेत साधा होता. घरोघरचे जुने सुती कपडे गोळा करावेत आणि शिक्षणासाठी गावाहून आपल्या शहरात आलेल्या मुलामुलींना थंडीपूर्वी नव्या गोधड्या द्याव्यात. पहिल्या रविवारी कपडे आले थोडे आणि अर्धवट गोधड्या आल्या जास्त. कोणी पोटमाळ्यावरून काढली, कोणी पलंगाखालच्या ट्रंकेतून. एकीत सुई तशीच टोचलेली होती आणि दोऱ्यावर गंज उतरला होता. महिनाअखेर मोजदाद केली तेव्हा वहीत २३ अपुऱ्या गोधड्यांची नोंद झाली होती. तेव्हा बैठकीने ठरविले की नव्या कामाला हात घालण्यापूर्वी या तेविसांचा निकाल लावावा.

बँकेत एक सस्पेन्स खाते असते. जुने मुनीम त्याला उचंत खाते म्हणत. ज्या रकमेचा धनी किंवा कारण त्या दिवशी कळत नाही, ती रक्कम तेवढ्यापुरती त्या खात्यात ठेवतात. या खात्यात रक्कम असणे हा दोष मानीत नाहीत. दोष मानतात तो ती रक्कम कोणी पाहिल्याविना पडून राहण्यात. म्हणून त्या खात्यातील नोंदींची वयाप्रमाणे यादी काढतात, अमुक नोंद किती दिवसांची झाली हे विचारतात आणि प्रत्येक नोंदीला एक जबाबदार माणूस असतो. आता जाड खातेवह्या जाऊन सारे संगणकावर आले, तरी ही शिस्त तशीच आहे.

तीच शिस्त आम्ही गोधड्यांना लावली. वहीत रकाने पाडले ते असे: गोधडी कोणाची, केव्हा सुरू झाली, कुठे थांबली, का थांबली, पुढचा टाका कोणता आणि तो कोण घालणार. यातील "का थांबली" हा रकाना भरताना सर्वांत अधिक वेळ गेला आणि सर्वांत अधिक शिकावयास मिळाले. प्रत्येक भगिनी प्रथम एकच उत्तर देई, "आळस, दुसरे काय!" थोडे विचारपूस केल्यावर खरे कारण निघे. २३ पैकी ९ गोधड्या कापडासाठी अडल्या होत्या. ५ ठिकाणी डोळे किंवा बोटे साथ देईनाशी झाली होती. ४ शिवणाऱ्या हयात नव्हत्या. ३ गोधड्यांची गरजच सरली होती. बाळासाठी घातलेले दुपटे अर्धे होते आणि बाळ कॉलेजात जात होते. नुसता कंटाळा म्हणता येईल अशा केवळ २ निघाल्या.

मित्रांनो, हा पहिला धडा. काम अपुरे राहिले की माणूस स्वतःला आळशी ठरवून मोकळा होतो आणि त्या कामाकडे पाहणेच टाळतो. कारण शोधले की काम पुन्हा हाती घेता येते, कारण प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा असतो. कापडासाठी अडलेल्या नऊ गोधड्यांचे उदाहरण घ्या. नायलॉनच्या साड्या आल्यापासून सुती लुगडे दुर्मिळ झाले. नायलॉन थरात घसरते, आणि सुती कापड धुतल्यावर आटते पण नायलॉन आटत नाही, म्हणून गोधडीला चुण्या पडतात. प्रत्येक घरी वाटत होते की सुती कापड कोठेच उरलेले नाही. सगळ्या घरांतील तुकडे या सभागृहात एकत्र मांडले तेव्हा दोन रविवारांत सात गोधड्यांचे कापड पुरे झाले. एका घरात कमी पडत होते ते दुसऱ्या घरात गाठोड्यात बांधून ठेवलेले होते.

या ठिकाणी विनयपिटकाचे स्मरण होणे साहजिक आहे, कारण भिक्खूंचे चीवर हीदेखील तुकड्यांची शिवण आहे. राजगृहाहून दक्षिणागिरीकडे जाताना तथागतांनी मगधातील शेते पाहिली. बांधांनी आखलेले ते चौकोन आनंदांना दाखवून, अशा रचनेचे चीवर करता येईल काय, असे त्यांनी विचारले. आनंदांनी तसे चीवर करून दाखविले आणि तथागतांनी त्यांच्या बुद्धीची प्रशंसा केली. महावग्गातील ही कथा आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. परंतु त्याच विनयात न शिवलेल्या कापडाविषयीही नियम आहेत, त्यांकडे आपले लक्ष फारसे जात नाही. जादा चीवर भिक्खूने दहा दिवसांपेक्षा अधिक काळ जवळ ठेवू नये, असा एक नियम आहे. दुसरा नियम अवेळी मिळालेल्या कापडाचा. कापड पुरेसे असेल तर त्याचे चीवर लवकर करावे. कमी पडत असेल आणि उरलेले मिळण्याची आशा असेल, तर ते फार तर एक महिना ठेवता येते. त्यानंतरही तसेच ठेवले तर ते सोडून द्यावे लागते.

या नियमातील व्यवहार किती बारीक आहे पाहा. अपुऱ्या कामाला सवलत दिली आहे, कारण सामग्री नेहमी एकाच वेळी हाती येत नाही. पण त्या सवलतीला दोन अटी आहेत: मुदत हवी आणि खरोखरची आशा हवी. "कधीतरी होईल" ही आशा नव्हे. कापड कोणाकडून, केव्हा मिळणार हे सांगता आले पाहिजे. आमच्या वहीत आम्ही हाच नियम घेतला. अडलेल्या गोधडीला एक महिना. महिन्याने ती पुन्हा बैठकीपुढे यायची. पुढचा टाका कोण घालणार याचे उत्तर नसेल, तर ती दुसऱ्याला द्यायची किंवा उसवायची.

दुसरी गोष्ट कठिन चीवराची. पावा येथील तीस भिक्खू तथागतांच्या दर्शनासाठी श्रावस्तीस निघाले होते. वर्षावास सुरू झाल्याने त्यांना वाटेत साकेत येथे थांबावे लागले. तो संपताच ते निघाले आणि चिखलपाण्यातून, भिजलेल्या चीवरांनी श्रावस्तीस पोहोचले. त्या प्रसंगी कठिनाची अनुज्ञा मिळाली, असे महावग्ग सांगतो. आश्विन पौर्णिमेनंतरच्या एका महिन्यात कठिनाचे कापड दान मिळाले की ते त्याच दिवशी बेतून, कापून, शिवून, रंगवून पुरे करावयाचे असते. एकट्याने ते होण्यासारखे नाही, म्हणून आवासातील सर्व भिक्खूंनी हात लावावा अशी परंपरा आहे. म्यानमारमध्ये यांगूनच्या श्वेडागॉन पॅगोड्यात या काळात स्त्रिया रात्रभर माग चालवून पहाटेपर्यंत चीवर विणतात, तेही याच भावनेने.

यावरून आम्ही महिन्यातील शेवटचा रविवार राखून ठेवला. त्या दिवशी नवीन काही सुरू करावयाचे नाही. ज्या गोधडीचे थोडेच काम उरले आहे ती मध्ये पसरायची आणि चारी बाजूंनी आठ-दहा जणांनी बसून ती संध्याकाळपर्यंत उठवायची. ज्या भगिनींची दृष्टी मंदावली होती त्यांच्यासाठी मुलांनी सुया ओवून ठेवल्या. एकेका मुलाने वीस-वीस सुया ओवून उशीत टोचून दिल्या, तेव्हा ज्यांचे हात आठ वर्षे थांबले होते त्या पुन्हा शिवू लागल्या. त्यांची अडचण केवळ सुईच्या नाकात दोरा घालण्याची होती. टाका त्यांच्या बोटांना पाठ होता.

तिसरा धडा सोडून देण्याचा. हा सर्वांत अवघड गेला. तीन गोधड्या आम्ही उसवल्या. उसवण्याचा शब्द निघताच चेहरे उतरले, कारण उसवणे म्हणजे केलेले श्रम फुकट गेले असे वाटते. त्या वेळी उदयन राजाची कथा उपयोगी पडली. राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. एवढ्या वस्त्रांचे काय करणार, असे राजाने विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटू, असे आनंद म्हणाले. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस. जुन्या पलंगपोसांचे गादीचे अभ्रे, त्यांची पुढे जमिनीवर घालावयाची बिछायत, मग पायपुसणी, मग धूळ झाडण्याची फडकी, आणि अखेर त्यांच्या चिंध्या करून त्या चिखलात मळून जमीन सारवावयाची. ही मालिका ऐकविल्यावर उसवलेल्या तीन गोधड्यांचे कापड अन्य चार गोधड्यांत गेले आणि कोणाला वाईट वाटले नाही. आणखी पाच गोधड्या मूळ धन्यांच्या संमतीने दुसऱ्या हातांत दिल्या.

ज्या चार गोधड्यांच्या शिवणाऱ्या हयात नव्हत्या, त्यांच्याबाबतीत मात्र वहीतील नियम पुरेना. एका भगिनीने आपल्या आईची अर्धी वाकळ आणली होती. आई जाऊन अकरा वर्षे झाली होती. वाकळ पुरी व्हावी असे तिला वाटत होते आणि आईच्या टाक्यांना कोणी हात लावू नये असेही वाटत होते. कोणी म्हणाले, तशीच जपून ठेवा. कोणी म्हणाले, मशिनवर टीप मारून घ्या. दोन रविवार चर्चा झाली. शेवटी त्याच भगिनीने मार्ग काढला. आईचा पांढरा दोरा जेथे संपला होता तेथून तिने निळा दोरा सुरू केला. आईचा टाका बारीक आणि सरळ, तिचा मोठा आणि थोडा वाकडा. दोन्ही दिसतात. ती वाकळ आज तिच्या मुलाच्या अंगावर आहे, आणि आजीचे काम कोठपर्यंत होते हे तो बोट ठेवून दाखवितो. पूर्वजांचे अर्धे राहिलेले काम कसे पुढे न्यावे याविषयी व्यासपीठांवरून आम्ही बरेच ऐकले आहे. त्या निळ्या दोऱ्याने ते आम्हांला अधिक चांगले समजले.

एक गोधडी आम्ही अपुरीच ठेवली. तिच्या धनीण बाईंचे वय ऐंशीच्या पुढे आहे. मुलींनी शेवटच्या ओळी घालून देऊ का विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "नको गं. ती झाली की मी दुपारचं काय करू?" वहीत त्या गोधडीपुढे "चालू" असे लिहिले आहे. सर्वच अपुरी कामे ओझे नसतात. काही कामे माणसाला सोबत करतात, आणि यादी करणाऱ्याने तेवढे ओळखले पाहिजे.

वर्षाचा हिशेब असा: २३ पैकी १४ आपल्या बैठकीत पूर्ण, ५ दुसऱ्या हातांत, ३ उसवल्या, १ चालू. पूर्ण झालेल्यांपैकी ९ गोधड्या विद्यार्थ्यांना दिल्या व ५ आपापल्या घरी गेल्या. "पूर्ण" हा शब्द आम्ही कधी लिहिला, तेही सांगितले पाहिजे. कारवार जिल्ह्यात, म्हणजे उत्तर कन्नड भागात, सिद्दी समाजाच्या स्त्रिया कौदीसारखीच तुकड्यांची गोधडी शिवतात. तिच्या चारी कोपऱ्यांना त्या कापडाच्या त्रिकोणी घड्यांचे फूल लावतात. फुलाविना गोधडी उघडी, असे त्या मानतात. आम्हीही ठरविले की गोट लावून, धुऊन, वाळवून, घडी घालून ज्याची त्याच्या हाती दिल्याखेरीज "पूर्ण" लिहावयाचे नाही. बँकेत एका बाजूची नोंद झाली म्हणून व्यवहार पुरा होत नाही. दुसरी बाजूही जुळावी लागते. आपल्याकडील पुष्कळ कामे नव्वद टक्क्यांवर येऊन पूर्ण म्हणून जाहीर होतात आणि शेवटचा गोट कोणी लावीत नाही.

आता विद्यार्थी मित्रांसाठी चार शब्द. या वर्षी सुया ओवायला येणाऱ्यांत शिक्षण अर्धे सुटलेले काही जण होते. कोणाचा एक विषय राहिलेला, कोणी वडिलांच्या आजारपणात दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेले. त्यांच्या बोलण्यात "आमचे शिक्षण वाया गेले" असा शब्द येई. त्यांना आमचे सांगणे असे की आधी "का थांबले" हा रकाना भरा.

बाबासाहेबांचे उदाहरण आपण वारंवार ऐकतो, परंतु ते या दृष्टीने पाहा. १९१६ साली ते लंडनला अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी गेले. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती महायुद्धात बुडाली. या अपुऱ्या कामाचे त्यांनी काय केले? निघण्यापूर्वी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी घेतली, म्हणजे मुदत लावून घेतली. अडथळा पैशाचा होता, म्हणून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठविला. कमी पडले तेथे शाहू महाराजांचे साह्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले. १९२० साली ते लंडनला परतले, १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. कारण, मुदत, सामग्री आणि मदतीचे हात या चारही गोष्टी येथे दिसतात.

तुमच्यासाठी तर आज दारे अधिक आहेत. १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, ते नोकरी आणि संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच. विद्यार्थ्याने मिळविलेली क्रेडिट्स जमा ठेवणारी क्रेडिट बँक २०२१ मध्ये सुरू झाली. बँकेतील माणूस म्हणून सांगतो, जमा असलेली रक्कम खातेदाराने विचारल्याशिवाय कामी येत नाही. तेव्हा जुन्या गुणपत्रिका शोधा, आपले काय जमा आहे ते पाहा, पुढचा टाका कोणता ते कागदावर लिहा. फॉर्म कसा भरावा हे कळत नसेल तर रविवारी दुपारी या. तुम्ही आमच्या सुया ओवल्या आहेत, तुमचा फॉर्म आम्ही बसून भरू.

शेवटी एक विनंती संस्थेच्या कार्यकारिणीला आणि सभासदांना. आपल्या संस्थेच्याही पेटीत काही अर्धी वाकळ आहे. अभ्यासिकेची कपाटे आली, पुस्तकांची नोंद राहिली. वस्तीतील वृद्धांच्या आठवणी लिहून घ्यावयाचा ठराव झाला, काही वह्या भरल्या आणि पुढे थांबल्या. त्या आठवणी सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत, म्हणून या कामाची मुदत आपल्या हातात नाही. कोणाकडे बोट दाखविण्याचा यात हेतू नाही. पुढील वर्षासाठी नवे संकल्प करण्यापूर्वी या कामांची अशीच एक वही करावी, "का थांबले" आणि "पुढचा टाका कोण घालणार" हे दोन रकाने त्यात असावेत आणि महिन्यातील एक दिवस केवळ अपुरे पुरे करण्यासाठी राखावा, एवढेच आमचे मागणे आहे. आठवणींच्या वह्यांसाठी पहिले नाव आम्ही आमचेच देतो. सोबत लिहावयास बसतील अशा आणखी दोघांची गरज आहे. कार्यक्रमानंतर दाराशी भेटावे.